स्वरयंत्र बदलून मिळतं का? मामांच्या प्रश्नाचं उत्तर

मामांनी कात्रण माझ्यापुढे सरकवलं, गळ्यावरच्या छिद्रावर अंगठा दाबला आणि विचारलं, “हे मला बसंल का?”

कात्रण चार बोटं रुंद. जुलै २०२४ मधलं. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्स शहरी, मेयो क्लिनिकमध्ये, स्वरयंत्राचा कर्करोग झालेल्या माणसाला एका मृत व्यक्तीचं स्वरयंत्र बसवलं आणि तो पुन्हा बोलू लागला, एवढीच बातमी. मामांनी ती घडी घालून औषधांच्या डब्यात जपून ठेवली होती, मी सुट्टीला येईपर्यंत.

मामा एसटीत कंडक्टर होते. कराडच्या स्टँडवर फलाटाला गाडी लागली की त्यांची हाक सुरू व्हायची, ‘चला मल्हारपेठ, पाटण, पाटण, पाटऽऽण!’ लहानपणी आम्ही रसवंतीच्या बाकावर बसून ऐकायचो आणि ‘आमचे मामा’ म्हणून शेजारच्याला सांगायचो. २०१९ मध्ये त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे घरातला कुणाचाही रिपोर्ट आधी माझ्या हातात येतो. पण या प्रश्नाला तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हणायला जीभ रेटेना. मी वाचलं, ओळखीच्या एका कान-नाक-घसा डॉक्टरांना तासभर प्रश्न विचारले, आणि मग वही घेऊन मामांसमोर बसले. त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. हाच प्रश्न मनात धरून बसलेली घरं आपल्याकडे पुष्कळ आहेत.

आधी दार, मग आवाज

‘स्वरयंत्र’ या नावाने आपली थोडी दिशाभूल होते. बोलणं हे या अवयवाचं मूळ काम नव्हे.

गळ्यावर बोट ठेवा. पुढे आलेला कंठमणी हाताला लागेल. ते हाड नाही, कूर्चा आहे, हाडाहून मऊ आणि लवचिक. बोट तसंच ठेवून एक घोट गिळा. आतली अख्खी रचना वर सरकते आणि पुन्हा खाली येते. ती वर का सरकली, त्यातच तिचं खरं काम आहे.

घशात एका जागी रस्ता फुटतो. मागची वाट अन्ननलिकेची, पुढची श्वासनलिकेची. म्हणजे प्रत्येक घास श्वासाच्या दारावरून पलीकडे जातो. त्या क्षणी दार मिटलेलं हवं. म्हणून गिळताना स्वरयंत्र वर आणि पुढे सरकून जिभेच्या मुळाखाली दडतं, वरून पानासारखं झाकण येतं आणि आत पडद्यांच्या दोन जोड्या घट्ट मिटतात. एवढा बंदोबस्त असूनही कधी हसता हसता पाण्याचा थेंब भलत्या वाटेला जातो, ठसका लागतो, आणि कुणीतरी पाठ थोपटत ‘वर बघ, वर बघ’ म्हणतं. तो ठसका म्हणजे दारावरच्या राखणदाराने ठोकलेली आरोळी. ती ठोकली गेली नाही तर अन्न-पाणी गुपचूप फुप्फुसात उतरतं आणि न्यूमोनिया होतो.

दुसरं काम, जोर लावायला मदत करणं. हंडा उचलताना आपण नकळत श्वास कोंडतो. छातीतली हवा आत अडवून धरतात ते हेच पडदे. जोरात खोकायलाही आधी दार मिटावं लागतं.

आवाज या सगळ्यानंतर येतो. मिटलेल्या पडद्यांमधून फुप्फुसातली हवा वर रेटली की पडदे थरथरतात, पुरुषांत सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा, बायकांत दोनशेच्या आसपास. तिथे निघणारा आवाज नुसती भुणभुण असते. त्या भुणभुणीचे शब्द होतात ते घसा, जीभ, टाळू, दात, ओठ आणि नाकाच्या पोकळीत. हे लक्षात ठेवा. दुसऱ्याचं स्वरयंत्र बसवलं तर आवाज कुणाचा येणार, या प्रश्नाला पुढे याचाच उपयोग होणार आहे.

स्वरयंत्र काढतात तेव्हा

कर्करोगासाठी संपूर्ण स्वरयंत्र काढण्याची पहिली शस्त्रक्रिया व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी ३१ डिसेंबर १८७३ रोजी केली. पुढची शंभरेक वर्षं मोठी गाठ असेल तर हाच मुख्य उपाय होता. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी मिळून केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि बरंच काही बदललं. त्यात स्वरयंत्राचा वाढलेला कर्करोग असलेले ३३२ रुग्ण होते. अर्ध्यांचं स्वरयंत्र काढलं, अर्ध्यांना आधी केमोथेरपी आणि मग रेडिएशन दिलं, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘शेक’ म्हणतात ते. दोन वर्षांनी दोन्ही गटांत जगलेल्यांचं प्रमाण सारखंच, ६८ टक्के. आणि दुसऱ्या गटातल्या ६४ टक्के लोकांचं स्वरयंत्र वाचलं होतं. म्हणून आज डॉक्टर आधी ते वाचवायला बघतात. तरीही गाठ कूर्चेत शिरलेली असेल, किंवा शेकानंतर उलटून आली असेल, तर काढण्यावाचून गत्यंतर नसतं. मामांची गाठ कूर्चेपर्यंत पोचली होती.

स्वरयंत्र काढल्यावर श्वासनलिकेचं वरचं टोक पुढे वळवून गळ्याच्या खालच्या भागात, कातडीला शिवून टाकतात. तिथे एक कायमचं छिद्र राहतं. श्वास तिथूनच आत, तिथूनच बाहेर. तोंडाचा आणि नाकाचा फुप्फुसाशी संबंध संपतो. अन्नाची वाट मात्र तोंडापासून पोटापर्यंत सलग राहते, त्यामुळे जेवता येतं.

बोलता येत नाही, एवढंच आपल्याला बाहेरून दिसतं. घरातल्यांना बाकीचंही दिसतं. मामा आंघोळीला बसले की छिद्रात पाणी जाऊ नये म्हणून मान पुढे घालून बसतात. कृष्णा-कोयनेच्या संगमावर उभं आयुष्य पोहलेला हा माणूस आता घाटावरच्या पायरीवर बसतो, कारण गळाभर पाणी म्हणजे थेट बुडणं. गहू-तांदळाचं पोतं उचलता येत नाही, श्वास कोंडायला दारच नाही. नाकातली ऊब आणि ओलावा हवेला मिळत नाही, म्हणून हिवाळ्यात छिद्रापाशी कफ वाळून बसतो आणि मामी ओल्या फडक्याची पट्टी त्यावर बांधते. आणि नाकातून हवाच जात नाही, त्यामुळे वास गेला. मामी फोडणी घालते तेव्हा मामा ती फक्त ऐकतात.

हे सगळं परत मिळवायचं असेल तर नुसता आवाज देणारं यंत्र पुरणार नाही. जिवंत दार हवं. म्हणून प्रत्यारोपण.

आवाज सोपा, श्वास अवघड

पहिला प्रयत्न १९६९ मधला, बेल्जियममधल्या गेंट शहरात. डॉ. क्लुयस्केन्स यांनी कर्करोगाच्याच रुग्णाला स्वरयंत्र बसवलं. काही महिन्यांतच कर्करोग उलटला आणि रुग्ण दगावला. तो का उलटला, हे पुढे येईलच. त्या घटनेचा धसका इतका होता की जवळजवळ तीस वर्षं कुणी पुन्हा हात घातला नाही.

मग ४ जानेवारी १९९८. अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. मार्शल स्ट्रोम यांनी ४० वर्षांच्या एका माणसाला मृत दात्याचं स्वरयंत्र बसवलं. वीस वर्षांपूर्वी मोटरसायकलच्या अपघातात त्याचा गळा चिरडला होता. तिसऱ्या दिवशी तो ‘हॅलो’ म्हणाला. काही महिन्यांत नीट जेवू लागला. आवाज वर्षागणिक सुधारत गेला, चढ-उतारासकट. पण गळ्यातलं श्वासाचं छिद्र मात्र त्याला शेवटपर्यंत ठेवावं लागलं.

माझा हिशेब इथेच चुकला होता. मला वाटायचं, बोलणं अवघड असणार आणि श्वास आपोआप होणार. प्रत्यक्षात उलटं आहे, आणि त्याचं कारण आहे एक नस.

मेंदूतून निघणाऱ्या व्हेगस नावाच्या लांबलचक नसेची एक फांदी स्वरयंत्राला हालचाल देते. डावीकडची फांदी गळ्यावरून सरळ आत शिरत नाही. ती व्हेगसबरोबर छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला वळसा घालते आणि पुन्हा वर चढून स्वरयंत्रात येते. उजवी तशीच हाताकडे जाणाऱ्या धमनीला वळसा घालून येते. या एकाच नसेत दोन प्रकारचे धागे मिसळलेले असतात. काही धागे ‘उघड’ सांगतात, काही ‘मीट’.

मामांना हे सांगताना मी एसटीतल्या घंटीच्या दोरीचं उदाहरण घेतलं. दोरी एकच. एकदा ओढली तर थांबा, दोनदा ओढली तर चला. ड्रायव्हरला खूण कळते म्हणून गाडी नीट चालते. आता ही दोरी मधेच तोडली आणि पुन्हा जोडली समजा. दोरीची गाठ बसेल. पण नस म्हणजे हजारो बारीक तंतूंची जुडी. दोन टोकं शिवली की तंतू दिवसाला जेमतेम एक मिलिमीटरच्या वेगाने पुढे वाढतात आणि जो मार्ग सापडेल त्यात शिरतात. ‘उघड’चा तंतू मिटणाऱ्या स्नायूत जातो, ‘मीट’चा उघडणाऱ्या स्नायूत. सिंगल बेलला गाडी सुटते, डबल बेलला ब्रेक लागतो, आणि पुष्कळदा दोन्ही एकदम. मामा यावर मोठ्याने हसले. त्यांचं हसणं आता छातीतून फुसकन बाहेर येतं, पण डोळ्यांत पूर्वीसारखंच असतं.

त्यात आणखी एक. पडदे मिटवणारे स्नायू बरेच आहेत, उघडणारी स्नायूंची जोडी एकच. त्यामुळे तंतूंची सरमिसळ झाली की मिटणाऱ्यांची सरशी होते आणि पडदे मधोमध येऊन थबकतात. आवाजाला ते सोयीचं, कारण आवाजासाठी पडदे जवळच हवेत. श्वासाला मात्र वाट उरत नाही. म्हणून बोलता येतं आणि गळ्यातलं छिद्रही राहतं.

यावर मार्ग शोधणं चालू आहे. त्यातला मला सगळ्यात पटलेला असा: उघडणाऱ्या स्नायूला वेगळी तार द्यायची. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा हलवणारी फ्रेनिक नावाची नस आपण श्वास आत घेतला की चालू होते. तिचा एक धागा आणून उघडणाऱ्या स्नायूला जोडला, तर प्रत्येक श्वासाला दार आपोआप उघडेल. आवाजाचे पडदे लुळे पडलेल्या रुग्णांत ही युक्ती वापरून झाली आहे. हालचालीच्या नसेखेरीज स्पर्शाची नसही जोडावी लागते, नाहीतर दारावर काय आलं हे दाराला कळणार नाही आणि ठसकाच लागणार नाही. बारीक धमन्या, शिरा, नसा, सगळं सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक दोऱ्याने शिवायचं. म्हणून या शस्त्रक्रिया इतक्या लांबतात. ऑक्टोबर २०१० मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस विद्यापीठाच्या रुग्णालयात १८ तास लागले. सप्टेंबर २०२३ मध्ये फ्रान्समधल्या लिऑनला डॉ. फिलिप सेरूझ यांच्या पथकाला २७ तास. मामांच्या कात्रणातली, २९ फेब्रुवारी २०२४ ची, २१ तास चालली.

कर्करोग झालेल्यालाच का नाही

दुसऱ्याचा अवयव अंगात आला की शरीराची प्रतिकारशक्ती त्याला परका समजून तोडायला धावते. ती आवरायला टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन अशी औषधं रोज घ्यावी लागतात, अवयव अंगात आहे तोवर. शेताच्या राखणदाराला अफू देऊन झोपवल्यासारखं ते आहे. आपण आणलेला पाहुणा आत सुखरूप राहतो, पण रानडुक्करही आत येतं. जंतुसंसर्ग वाढतात, साखर आणि रक्तदाब चढतात, मूत्रपिंडावर ताण येतो. आणि शरीरात कुठे कर्करोगाची एखादी पेशी दबा धरून बसली असेल, तर तिला अडवायला कुणी जागं नसतं. १९६९ च्या रुग्णाच्या बाबतीत हीच भीती खरी ठरली.

म्हणजे घशाच्या कर्करोगाने स्वरयंत्र गेलेले लोक, ज्यांना हे प्रत्यारोपण सगळ्यात जास्त हवं आहे, त्यांच्यासाठीच ते सगळ्यात धोक्याचं. मला हे वाचून फार वाईट वाटलं. वही मिटून थोडा वेळ अंगणात जाऊन बसले.

आणखीही एक विचार आहे. हृदय किंवा यकृत बदललं नाही तर रुग्ण जगत नाही, म्हणून त्या औषधांचा धोका पत्करायचा. स्वरयंत्र नसलेला माणूस जगतो. मग चांगलं आयुष्य मिळावं म्हणून आयुष्यच पणाला लावावं का? डॉक्टरांमध्ये यावर वर्षानुवर्षं वाद आहे. हे नुसतं ‘हौशीचं’ ऑपरेशन आहे असं म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. पाच वर्षं आंघोळीला मान पुढे घालून बसणारा माणूस ज्यांनी रोज पाहिलाय, ते त्याला हौस म्हणणार नाहीत. पण धोका खरा आहे, हे मान्यच करायला हवं.

आता कुणाकुणाला हे मिळालं ते बघा. १९९८ चा रुग्ण अपघाताचा, कर्करोगाचा नाही. २०१० ची रुग्ण एक महिला, श्वासासाठी घशात घातलेल्या नळीने तिचा गळा निकामी झालेला. आणि तिचं मूत्रपिंड व स्वादुपिंड आधीच बदललेलं, म्हणजे ती औषधं ती आधीपासून घेत होती. २०१५ मध्ये पोलंडमधल्या ग्लिव्हित्सेला डॉ. आदाम माचेयेव्स्की यांनी ज्याला गळ्यातले अवयव बसवले, त्याला पूर्वी स्वरयंत्राचा कर्करोग झाला होता, पण त्याचंही मूत्रपिंड आधी बदललेलं. औषधं चालूच होती. नव्या अवयवामुळे राखणदाराला नव्याने झोपवावं लागलं नाही.

आणि कात्रणातला तो ५९ वर्षांचा माणूस? मॅसॅच्युसेट्स राज्यातला. त्याला कर्करोग होता, पण मामांसारखा नाही. त्याचा होता कॉन्ड्रोसार्कोमा, कूर्चेतूनच उगवणारा, दुर्मिळ आणि संथ. तो सहसा दूर पसरत नाही. स्वरयंत्र काढलं की गाठही संपूर्ण निघते. दहा-बारा वर्षं अनेक शस्त्रक्रिया करून त्याचा आवाज कुजबुजीवर आला होता. त्याचंही मूत्रपिंड आधीच बदललेलं. मेयोचे डॉ. डेव्हिड लॉट यांनी हे सगळं जुळतं म्हणून त्याला या प्रत्यारोपणाच्या वैद्यकीय चाचणीत घेतलं. योग्य दाता मिळायला दहा महिने गेले. मग त्याचं स्वरयंत्र काढून त्याच जागी दात्याचं स्वरयंत्र, घशाचा भाग, श्वासनलिकेचा आणि अन्ननलिकेचा वरचा भाग, थायरॉइड आणि पॅराथायरॉइड ग्रंथी, असं सगळं एकसंध बसवलं. तीन आठवड्यांनी तो ‘हॅलो’ म्हणाला. चार महिन्यांनी आवाज साठ टक्के परतला, असं डॉक्टरांनी सांगितलं. स्वरयंत्र नुसतं काढून मोकळं व्हायला त्याने आधी नकार दिला होता, कारण नातीला झोपताना गोष्ट वाचून दाखवायची होती, स्वतःच्या आवाजात.

स्वतःच्याच का? तर वर म्हटलं ते आठवा. पडद्यांची भुणभुण दात्याची, पण शब्दांना रूप देणारी जीभ, टाळू, नाक, ओठ आणि बोलण्याची लकब त्याची. दात्याच्या घरच्यांना हे समजावून सांगावं लागतं. आपल्या माणसाचा आवाज परक्याच्या तोंडून ऐकू येईल, या कल्पनेने कुणीही आधी दचकेल.

एवढं जमलं तरी ते टिकेल किती? क्लीव्हलँडच्या रुग्णाचं स्वरयंत्र १४ वर्षं चाललं. मग शरीराने हळूहळू ते नाकारलं आणि २०१२ मध्ये काढावं लागलं. मला १४ वर्षं कमी वाटत नाहीत. मामांना मी हा आकडा सांगितला तेव्हा त्यांनी बोटांवर मोजून बघितला.

तर उत्तर असं: मामांना आज हे बसवता येणार नाही. त्यांचा कर्करोग स्वरयंत्राच्या आतल्या अस्तरातून उगवणारा, नेहमीचा. तो उलटू शकणारा. मूत्रपिंडं ठणठणीत, म्हणजे ती औषधं फक्त यासाठी सुरू करावी लागतील. गळ्याला शेक दिल्याने तिथल्या रक्तवाहिन्या आणि कातडी ताठर झाली आहे, टाके धरणं अवघड. ऑपरेशनला पाच वर्षं होऊन गेली आणि रोग परतलेला नाही, ही आनंदाची गोष्ट, पण तेवढ्याने धोका शून्यावर येत नाही. हातांचं प्रत्यारोपण, ज्यात असंच कातडी-स्नायू-नसा सगळं एकत्र जोडावं लागतं, ते आपल्या देशात कोचीला २०१५ पासून झालं आहे. म्हणजे हातांत कौशल्य आहे. अडचण राखणदाराची आहे.

तोवर अंगठा

मामा बोलतात ते एका झडपेवर. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या भिंतीला बारीक भोक पाडून सिलिकॉनची एकाच दिशेने उघडणारी झडप बसवतात. अंगठ्याने गळ्यावरचं छिद्र बंद केलं की फुप्फुसातली हवा झडपेतून अन्ननलिकेत जाते, तिथलं अस्तर थरथरतं आणि आवाज निघतो. थोडा घोगरा, खोल, पण स्वतःच्या श्वासाचा. हनुवटीखाली टेकवायचं बॅटरीवरचं यंत्रही मिळतं, पण त्याचा सूर एकसुरी, म्हणून मामांनी ते पेटीत टाकलं. तिसरा मार्ग हवा गिळून ढेकरासारखी बाहेर सोडत बोलण्याचा. शिकायला महिनोन् महिने लागतात, पैसा मात्र लागत नाही.

झडपेचं दुखणं एकच. काही महिन्यांनी तिच्यावर बुरशी धरते आणि ती गळायला लागते. चहाचा घोट घेतल्यावर खोकला आला की मामी म्हणते, “झाली बघा झडपेची येळ.” बाहेरून येणारी झडप हजारो रुपयांची. बंगळुरूचे शल्यचिकित्सक डॉ. विशाल राव यांनी सुमारे ५० रुपयांत पडणारी ‘ओम’ नावाची झडप तयार केली, ती याच कारणासाठी. प्रत्यारोपणाच्या बातम्या मोठ्या अक्षरांत येतात. आपल्याकडच्या गरीब रुग्णाला बोलतं करणारी वस्तू मात्र करंगळीच्या पेरापेक्षा लहान आहे, आणि तिच्याबद्दल अजून कितीतरी घरांना माहीतच नाही. ऑपरेशन झालेल्या माणसाला पाटी-पेन्सिलवर सोडून देऊ नका. डॉक्टरांना झडपेबद्दल आणि बोलायला शिकवणाऱ्या थेरपिस्टबद्दल स्वतःहून विचारा.

मामांचे चार महिने वाया गेले, हे मला अजून सलतं. आवाज बसला होता. बिडी ओढायचे, दिवसभर ओरडायचे, त्यामुळे आवाज बसणारच, असं सगळ्यांनी धरलं. जवळच्या एका दवाखान्यात दर पंधरवड्याला अँटिबायोटिक आणि गुळण्यांचं औषध मिळत राहिलं. नाकातून दुर्बीण घालून पडदे बघायला दोन मिनिटं लागतात; ती कुणी घातली नाही. पडद्यांवरचा कर्करोग अगदी सुरुवातीला सापडला, तर नुसत्या शेकाने किंवा लेझरने शंभरातले नव्वदच्या वर रुग्ण बरे होतात, स्वरयंत्रासकट. आणि हा रोग लवकर खूण देतो, कारण पडद्यावर तिळाएवढी गाठ आली तरी आवाज बदलतो. तीन आठवड्यांपेक्षा जास्त आवाज बसलेला राहिला, विशेषतः बिडी-सिगारेट ओढणाऱ्याचा, तर गुळण्या सोडून सरळ कान-नाक-घसा डॉक्टर गाठा.

हे सगळं ऐकून घेतल्यावर मामांनी अंगठा दाबला. मला वाटलं, आता खर्चाचं विचारतील. त्यांनी विचारलं, “त्या अमेरिकेच्या मानसाला वास येतो का?”

मला ठाऊक नव्हतं, पण या प्रश्नाने मी एक गोष्ट विसरले होते ती आठवली. नेदरलँड्समधल्या कर्करोग संस्थेत स्वरयंत्र गेलेल्या लोकांना वास घ्यायला शिकवतात. नाकातली वास घेणारी जागा शाबूत असते, फक्त तिथवर हवा पोचत नाही. ओठ मिटलेले ठेवायचे आणि आतल्या आत जांभई द्यायची, चारचौघांत आपण लपवून देतो तशी. जबडा खाली, जीभ खाली. तोंडाच्या पोकळीत ओढ तयार होते आणि नाकातून थोडी हवा आत खेचली जाते. पटापट, पुन्हा पुन्हा करायचं. झाकली जांभई. ना औषध, ना ऑपरेशन.

मी मामांना करून दाखवलं. ते त्याच संध्याकाळपासून पडवीत बसून करायला लागले, मामी बघत नाही असं बघून. चौथ्या दिवशी मी चुलीपाशी बसले होते, मामीने आमटीला फोडणी दिली, आणि बाहेरून मामांचा घोगरा आवाज आला, “लसूण करपला.”

मामीने कढई उतरवून बघितली. खरंच करपला होता.